आधी पाणी ओळखा: जगभरच्या पाच भाज्या घरच्या कढईत

परदेशी पद्धतीची भाजी घरी करायची म्हटले की नवशिक्या माणसाचे लक्ष प्रथम सामानाच्या यादीकडे जाते. यादीतल्या निम्म्या बाटल्या आणि पुड्या आणून पदार्थ केला जातो, तो पाणचट किंवा नुसताच तिखट होतो, आणि मग दोष न मिळालेल्या एखाद्या जिन्नसाच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा बिघाड जिन्नसात नसून भाजीतल्या पाण्यात असतो. वांगे, कोबी, पालक, टोमॅटो, फरसबी यांच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग पाणीच असतो, काहींत त्याहूनही अधिक. ते पाणी आधीच घालवायचे, पिळून टाकायचे की भाजीतच मुरू द्यायचे, याचे उत्तर प्रत्येक देशाच्या स्वयंपाकाने आपापल्या परीने दिलेले आहे. आपली रोजची भाजी, म्हणजे फोडणीवर टाकून, झाकणीवर पाणी ठेवून वाफेवर शिजवलेली, ही पाणी राखण्याची रीत आहे. खाली दिलेल्या पाचांपैकी चार पदार्थांत पाणी घालवण्याच्या रीती आहेत आणि एकात दोन्हींची सांगड आहे. एवढे ध्यानात धरले, तर जिन्नस थोडे इकडचे तिकडे झाले तरी पदार्थ बिघडत नाही.

यामागचे कारण सोपे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे भाजीचा पृष्ठभाग ओला आहे तोपर्यंत त्याचे तापमान त्याच्या फारसे वर चढत नाही. भाजीला खरपूस, तांबूस चव देणारी रासायनिक क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या आसपास जोरात सुरू होते. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. कढईत ओली भाजी टाकली, किंवा कोरडीच भाजी पण एकदम खच्चून भरली, तर सुटलेल्या पाण्यात ती उकडते, परतली जात नाही. ‘मोठ्या आचेवर परतूनही भाजी गिळगिळीत झाली’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ येथे आहे.

भांडी घरात असतात तीच पुरतात. एक पसरट लोखंडी किंवा बिडाची कढई, चाळणी, चिमटा, खलबत्ता आणि भाजी कोरडी करण्यासाठी एक स्वच्छ पंचा एवढे असावे. नॉनस्टिक भांडे मोठ्या आचेवर रिकामे तापवू नये, म्हणून फरसबीच्या शेंगांच्या पदार्थासाठी ते बाजूलाच ठेवलेले बरे. पुढे ‘लहान चमचा’ म्हणजे ५ मिलिलिटरचा आणि ‘मोठा चमचा’ म्हणजे १५ मिलिलिटरचा समजावा. सर्व प्रमाणे चार माणसांच्या जेवणातल्या एका भाजीची आहेत. पदार्थ सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत, तेव्हा नवशिक्यांनी क्रम शक्यतो मोडू नये.

पालकाचे जपानी गोमाए

गोमाए म्हणजे कुटलेल्या तिळात कालवलेली भाजी. सुरुवात पालकापासून करावी, कारण यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि पाणी पिळून काढण्याचा परिणाम लगेच जिभेला कळतो. पालकाच्या दोन मोठ्या जुड्या, म्हणजे साधारण ५०० ग्रॅम पाने कोवळ्या देठांसह घ्यावीत. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावे आणि त्यात लिटरमागे दोन लहान चमचे मीठ घालावे. पालक त्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकावा, शक्य असल्यास बर्फाच्या. गार पाण्यामुळे शिजणे जागच्या जागी थांबते आणि हिरवा रंग टिकतो. आपला बाजारातला पालक कोवळा असतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा एक मिनिट होऊ देऊ नये.

आता मुख्य काम. पानांचा जुडगा देठे एका बाजूला घेऊन हातात धरावा आणि दोन्ही तळव्यांमध्ये घट्ट दाबून पिळावा. हिरवे पाणी थांबेपर्यंत पिळावे. एवढी पाने शेवटी दोन मुठींत मावतील इतकीच उरतात. ते पाहून धीर सोडू नये. नीट न पिळलेल्या पालकात तिळाचे वाटण घातले की पाच मिनिटांत ताटलीत पाणी साचते आणि चव त्या पाण्यात जाते.

वाटणासाठी तीन मोठे चमचे तीळ मंद आचेवर तडतडू लागेपर्यंत भाजावेत आणि गरम असतानाच खलबत्त्यात अर्धवट कुटावेत. निम्मे पीठ, निम्मे भरड असे ते राहिले पाहिजेत. जपानी घरांत याच कामासाठी आतून खाचा असलेला मातीचा खल असतो, त्याला सुरीबाची म्हणतात. कुटलेल्या तिळात एक मोठा चमचा सोया सॉस आणि दोन लहान चमचे साखर मिसळावी, पालक तीन-तीन सेंटिमीटर लांब कापून त्यात हलक्या हाताने कालवावा आणि लगेच वाढावा. वेगळे मीठ लागत नाही. सोया सॉसमध्ये मिठाशिवाय जी भरीव, रसदार चव असते ती ग्लुटामेट या द्रव्याची. तोक्योच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या अर्कातून ते वेगळे काढले आणि या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोत आणि वाळवलेल्या अळंबीतही ती असते, म्हणूनच निव्वळ शाकाहारी रश्शाला या दोन्हींमुळे दाटपणा आल्यासारखा वाटतो.

हीच कृती सोया सॉस थोडा कमी करून, लसूण आणि भाजलेल्या तिळाचे तेल घालून केली, तर कोरियाचा पालक-नामूल, म्हणजे तिथली कालवलेली पालकाची भाजी, होतो. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे दुकानात मिळणारे तिळाचे तेल बहुधा न भाजलेल्या तिळाचे, फिकट आणि मंद वासाचे असते. कोरियन पदार्थांत लागते ते भाजलेल्या तिळाचे, गडद आणि उग्र वासाचे. एकाच्या जागी दुसरे वापरल्यास पदार्थ वाईट होत नाही, पण ओळखूही येत नाही.

सिचुआनच्या कोरड्या परतलेल्या शेंगा

चीनच्या सिचुआन प्रांतात शेंगा आधी बराच वेळ कोरड्या परततात आणि मसाल्यात नंतर घालतात. उपाहारगृहांत वेळ वाचवण्यासाठी त्या तळून काढतात, परंतु घरी कमी तेलात परतणेच सोयीचे. मूळ पदार्थात डुकराचा खिमा आणि यिबिन शहरात होणारे मोहरीच्या देठांचे खारवलेले लोणचे असते. खिमा वगळून तो पूर्ण शाकाहारी करता येतो, आणि लोणचे न मिळाल्यास सोया सॉस अर्धा चमचा वाढवावा.

चारशे ग्रॅम फरसबीची टोके आणि शिरा काढून तिचे बोटभर लांब तुकडे मोडावेत. धुऊन चाळणीत निथळावेत आणि मग पंच्यावर पसरून कोरडे पुसावेत. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. कढईत दोन मोठे चमचे तेल चांगले तापल्यावर एका थरात मावतील एवढेच तुकडे टाकावेत. दोन किंवा तीन खेपा झाल्या तरी चालतील. मध्यमाहून किंचित मोठ्या आचेवर अधूनमधून हलवत आठ ते दहा मिनिटे परतावे. पहिली तीन-चार मिनिटे काहीच होत नाही असे वाटते, फक्त चुरचुर आवाज येत राहतो. तो आवाज म्हणजे आतले पाणी निघत असल्याची खूण होय. आवाज मंदावला की शेंगांची साल सुरकुतू लागते आणि तिच्यावर तपकिरी फोड दिसू लागतात. येथे घाई करून शेंगा अर्ध्याकच्च्या ठेवू नयेत. फरसबीच्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन नावाचे द्रव्य असते, त्याने उलट्या होण्याइतके पोट बिघडते आणि ते नाहीसे व्हायला शेंग आतपर्यंत शिजावी लागते. तुकडा तोडून आतला दाणा मऊ झाल्याची खात्री करावी. या टप्प्यात मीठ मुळीच घालू नये, कारण मीठ पडताच भाजीला पाणी सुटते.

शेंगा काढून घेतल्यावर त्याच कढईत एक मोठा चमचा तेल घालावे आणि आच अगदी मंद करावी. चार-पाच सुक्या लाल मिरच्यांचे तुकडे, सिचुआन मिरीची एक लहान चमचा टरफले, बारीक चिरलेल्या सहा लसूणपाकळ्या आणि तेवढेच आले घालून वास सुटेपर्यंतच परतावे, कारण मिरची काळी पडली की सगळा पदार्थ कडू होतो. मग शेंगा, एक मोठा चमचा सोया सॉस आणि अर्धा लहान चमचा साखर घालून आच मोठी करावी व मिनिटभरात उतरवावे. मिरची ब्याडगी घ्यावी, कारण येथे वास आणि रंग हवा असतो, झोंबणारा तिखटपणा नव्हे.

सिचुआन मिरी मोठ्या शहरांत मिळते. ती नसेल तर कोकणी आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांकडे वळावे. बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ आणि सिचुआन मिरी ही दोन्ही फळे झँथोझायलम या एकाच वंशातील झाडांची आहेत, आणि जिभेला मुंग्या आणण्याचा गुण दोघांतही आहे. तिरफळातली काळी बी काढून टाकावी, टरफल तेवढे कोरडे भाजून भरड करावे. तिरफळाचा वास अधिक उग्र असतो, म्हणून ते अर्ध्या लहान चमच्याहून अधिक घालू नये. अस्सल सिचुआनी माणूस याला मान्यता देईल असे नाही. परंतु वर्षभर डब्यात पडून वास गेलेल्या मिरीपेक्षा ताजे तिरफळ निश्चितच सरस ठरते.

इथिओपियाचा कोबी

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवारी आणि शुक्रवारी, तसेच मोठ्या उपवासकाळांत मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे तेथे पूर्ण वनस्पतिजन्य जेवणाची मोठी परंपरा आहे, आणि कोबी-गाजर-बटाट्याची हळद घातलेली भाजी त्या ताटात हमखास असते. वर म्हटलेली सांगड ती हीच. तिथे कांद्यातले पाणी आधी घालवतात आणि कोबीतले पाणी राखतात.

दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, तेलाचा थेंबही न घालता, मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे सतत हलवावेत. आपल्या हाताला तेलाशिवाय कांदा टाकण्याची सवय नसते आणि तो जळेल अशी धास्ती वाटते. चिकटू लागल्यास चमचाभर पाणी शिंपडावे. कांदा स्वतःच्याच पाण्यात मऊ होऊन ओलसर गोळ्यासारखा झाला की चार मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा आले-लसूण आणि एक लहान चमचा हळद घालावी. त्यानंतर दोन गाजरांचे आणि तीन बटाट्यांचे जाड तुकडे टाकून पाच मिनिटे परतावे, वर ५०० ग्रॅम कोबीचे मोठे तुकडे रचावेत, मीठ लगेच घालावे आणि घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे शिजू द्यावे. येथे मीठ आधी घालायचे ते मुद्दाम, कोबीला पाणी सुटावे आणि बटाटा त्यातच शिजावा म्हणून. वरून पाणी घालण्याचा मोह आवरावा. शेवटी दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून पाच मिनिटे झाकून ठेवाव्यात.

मोहरी-हिंगाची फोडणी घालावीशी वाटेल, पण घालू नये. घातली की आपलीच कोबीची भाजी होते, आणि ती आपल्याला येतेच. तिथे ही भाजी टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ, आंबूस पोळीवर, म्हणजे इंजेरावर वाढतात. आपल्याकडे आंबोळीबरोबर ती छान लागते.

मुतब्बल

लेबनॉन आणि सीरियाच्या बाजूला भाजलेल्या वांग्यात तिळाचे ताहिना आणि लिंबू कालवून जो पदार्थ करतात, त्याला बहुधा मुतब्बल म्हणतात. बाकीच्या जगाने त्याच्यावर बाबा गनूश हे नाव चिकटवले आहे. भरीत करणाऱ्याला वांगे भाजायला शिकवण्याची गरज नाही. तरी भरीत आणि मुतब्बल यांत एक फरक असा आहे, की तो न ओळखल्यास चांगले भरीत करणाऱ्याच्या हातूनही मुतब्बल पचपचीत होते. भरिताचा गर भाजल्यानंतर पुन्हा फोडणीत पडतो, आणि त्यात राहिलेले पाणी तिथे आटते. मुतब्बल दुसऱ्यांदा आचेवर जातच नाही. म्हणून त्यातले पाणी चाळणीतच काढावे लागते.

भरताची मोठी, हलकी, कमी बियांची वांगी एक किलो घ्यावीत. जळगावकडची हिरवी वांगी मिळाली तर फारच उत्तम. वांग्यांना सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचे मारावेत, नाहीतर ती फुटतात. गॅसच्या मध्यम ज्योतीवर चिमट्याने फिरवत १५ ते २० मिनिटे भाजावे. साल पूर्ण काळी होऊन वांगे स्वतःच्या भाराने बसले पाहिजे आणि देठाजवळचा भागही बोटाने दाबल्यावर आत गेला पाहिजे. तोच सर्वांत शेवटी शिजतो. ज्यांच्या घरी ज्योत नाही, विशेषतः परदेशात इंडक्शनच्या शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्यांनी, वांगी ओव्हनमध्ये वरच्या कॉइलच्या अगदी जवळ, सर्वाधिक तापमानावर ४० मिनिटे दोन-तीनदा उलटून भाजावीत. धुराचा वास थोडा कमी येतो, बाकी काही अडत नाही.

वांगी गार झाल्यावर साल हाताने सोलावी, नळाखाली धरू नये, कारण धुराची चव पाण्याबरोबर वाहून जाते. गर चाळणीत पसरून अर्धा तास ठेवावा. खालच्या भांड्यात तपकिरी, किंचित कडसर पाणी साचते. ते टाकून द्यावे. मग गर सुरीने फळीवर चिरावा किंवा काट्याने मोडावा. मिक्सरमध्ये मुतब्बल फिरवणाऱ्यांचे मला नवल वाटते. वांग्याचे धागे मोडून त्याची खळ होते, आणि ती खायला मग भाकरीही नको म्हणते.

ताहिना घरी करता येते. शंभर ग्रॅम पॉलिशचे पांढरे तीळ मंद आचेवर चार-पाच मिनिटे, रंग बदलू न देता गरम करावेत आणि दोन-तीन मोठे चमचे तिळाचे तेल घालत मिक्सरमध्ये सैलसर होईपर्यंत वाटावेत. गोमाएसाठी तीळ खमंग भाजले होते, तसे येथे भाजू नयेत; ताहिना कडू होते. आता तीन मोठे चमचे ताहिना आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस एकत्र करावा. लिंबू पडताच ताहिना सैल होण्याऐवजी घट्ट होऊन गुठळी धरते आणि नवशिक्याला वाटते की फाटले. फाटलेले नसते. गार पाणी एकेक चमचा घालून घोटत राहावे, तीन-चार चमच्यांत ती फिकट आणि मऊ होते. मिठाबरोबर कुटलेली लसणाची एकच पाकळी घालावी, वांग्याचा गर हलक्या हाताने मिसळावा, पाऊण लहान चमचा मीठ घालून चाखावे आणि पसरट ताटलीत काढून वर ऑलिव्ह तेल व डाळिंबाचे दाणे घालावेत.

कापोनाता

सिसिलीचा हा आंबटगोड पदार्थ पाचांत सर्वांत वेळखाऊ आहे, पण करून ठेवण्यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. ५०० ग्रॅम वांग्यांचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून त्यांना एक लहान चमचा मीठ चोळावे आणि अर्धा तास चाळणीत ठेवावे. वांग्याचा गर सच्छिद्र असतो आणि कच्चा असताना तेल भरमसाट पितो. मिठाने पाणी सुटून तो आधीच बसला की तेल कमी शोषले जाते. तुकडे पंच्यात दाबून कोरडे करावेत, चांगल्या तापलेल्या तेलात तांबूस तळावेत आणि निथळावेत.

दुसऱ्या भांड्यात दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेलात एक कांदा आणि सेलरीच्या दोन देठांचे तुकडे मऊ करावेत, २५० ग्रॅम पिकलेले टोमॅटो चिरून घालावेत आणि दाट होईपर्यंत आटवावेत. त्यात बिया काढलेली दहा-बारा हिरवी ऑलिव्हे, एक मोठा चमचा खारवलेल्या केपर कळ्या, दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि एक मोठा चमचा साखर घालावी. केपर न मिळाल्यास मिठाच्या पाण्यातली कैरी बारीक चिरून घालावी. तशा वेळी व्हिनेगर निम्मे करावे. तळलेली वांगी घालून पाच मिनिटे मंद आचेवर एकजीव होऊ द्यावीत. गरमागरम चाखल्यास आंबट एकीकडे आणि गोड दुसरीकडे अशी चव लागते. म्हणून किमान चार तास, जमल्यास रात्रभर मुरू द्यावे आणि साध्या तापमानावरच वाढावे. मिठाचा अंदाज मुरल्यानंतरच घ्यावा, कारण वांगी, ऑलिव्ह आणि केपर यांनी आधीच मीठ आणलेले असते.

पाचांपैकी कोणताही पदार्थ सपक वाटला, तर तिखट वाढवण्याआधी चिमूटभर मीठ घालून चाखावे, तरीही फिका वाटल्यास लिंबाचे किंवा व्हिनेगरचे चार थेंब घालावेत. कढईत पाणी साचलेले दिसले तर झाकण काढून भाजी कडेला सारावी आणि मधले पाणी मोठ्या आचेवर आटवावे. फरसबीच्या बाबतीत मात्र पुढच्या खेपेला शेंगा अधिक कोरड्या करण्यावाचून उपाय नाही.

साठवणीचे म्हणाल तर कापोनाता फ्रीजमध्ये झाकून चार दिवस चांगली राहते, मुतब्बल दोन दिवस. इथिओपियाचा कोबी दुसऱ्या दिवशी गरम करून अधिक गोड लागतो. शेंगा त्याच जेवणात संपवाव्यात. गोमाए करून ठेवायचेच असेल तर पिळलेला पालक आणि कुटलेले तीळ वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वाढण्याच्या वेळी कालवावेत.